विकास, वीज आणि धूर: सोलापुरात बसून हा प्रोजेक्ट नीट कसा करायचा

एमए इकॉनॉमिक्सच्या पोरांना प्रोजेक्टचा विषय विचारा, दोन-तीन जण तरी 'आर्थिक वाढ, ऊर्जा वापर आणि प्रदूषण' हा घेऊन बसलेले असतात. विषय भारी आहे, वाद नाही. पण होतं काय की वर्ल्ड बँकेच्या साइटवरून भारताचे आकडे उतरवायचे, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे, आलेलं टेबल वर्डमध्ये चिकटवायचं आणि पहिल्या चॅप्टरमध्ये 'सोलापूर हे चादरींचं शहर आहे' एवढं एक वाक्य घुसडायचं. त्या वाक्याचा आणि खालच्या टेबलचा काडीचा संबंध नसतो. म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं.

आधी वाचन, आणि तेही थोडंच. दोन धागे धरा. एक, ऊर्जा आणि वाढ यात कोण कोणाला ओढतं. याची सुरुवात क्राफ्ट आणि क्राफ्ट यांच्या १९७८ च्या पेपरपासून मानतात, त्यांनी अमेरिकेचा १९४७ ते १९७४ चा डेटा घेतला आणि उत्पन्न वाढलं की ऊर्जा वापर वाढतो, उलट दिशा दिसत नाही असं सांगितलं. दुसरा धागा म्हणजे एन्व्हायर्नमेंटल कुझनेट्स कर्व्ह, उत्पन्न वाढताना प्रदूषण आधी चढतं आणि एका टप्प्यानंतर उतरतं, म्हणजे उलटा यू. गंमत अशी की अर्थतज्ज्ञ कुझनेट्ससाहेबांनी १९५५ मध्ये जे मांडलं ते विषमतेबद्दल, प्रदूषणाबद्दल नव्हेच. ते १९८५ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाचा हा प्रदूषणाचा कर्व्ह नव्वदच्या दशकात गाजला, ग्रॉसमन आणि क्रूगर यांच्या कामामुळे. त्यांचा १९९५ चा पेपर वाचाच, आणि त्यावर उतारा म्हणून डेव्हिड स्टर्न यांचा २००४ चा टीकेचा पेपर. नुसतं कौतुक वाचून व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेलात तर अवघड आहे.

आता खरं काम, ज्यावर सगळं अवलंबून आहे: वाढ कोणाची, ऊर्जा कोणाची आणि धूर कोणाच्या नाकात, हे तिन्ही एकाच हद्दीत बसतंय का ते बघा. हे एकदा कागदावर लिहून काढा मगच पुढे जा. सोलापुरात हे फारच छान समजतं. दक्षिण सोलापूरला एनटीपीसीचा प्रकल्प आहे, ६६० मेगावॅटची दोन युनिट, एकूण १३२०. कोळसा जळतो इथं, राख इथं, पाणी उजनीचं, पण वीज जाते ग्रिडमध्ये, परराज्यातसुद्धा. म्हणजे धूर आपल्या हद्दीत आणि त्या विजेवर झालेली वाढ भलत्याच जिल्ह्याच्या खात्यात. उलटं पण आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा माग चालतो त्याची मोटर समजा एक एचपीची, फुल लोडवर बारा तास चालली तर साधारण ९ युनिट. देशाच्या ग्रिडचं सरासरी उत्सर्जन युनिटला सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरलं तर एका मागामागे सहा किलोच्या वर झाला, पण मागाच्या शेडमध्ये धूर शून्य, तो कुठल्या तरी चिमणीतून गेलेला. कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्याचं मात्र वेगळं, त्याच्या बॉयलरमध्ये लाकूड नाहीतर कोळसा तिथल्या तिथं जळतो. दोघंही 'कापड उद्योग' या एकाच रकान्यात!

त्यामुळे प्रदूषण म्हणजे नेमकं काय मोजणार ते आधी ठरवा. कार्बन डायऑक्साइड घेतला तर तो जगाचा प्रश्न, शहराच्या हवेशी थेट तुलना करू नका. शहर घेणार असाल तर पीएम १०, म्हणजे हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, घ्या. २०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे, वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात. पण पीएम १० मध्ये रस्त्यावरची धूळही येते बरं का, सगळं खापर कारखान्यांवर फोडू नका. महिन्यावारी डेटा घेतलात तर अजून एक घोळ, साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात आणि थंडीत हवा खालीच साचून राहते, मग आकडा वाढला तो गाळपानं की थंडीनं? महिन्याचा डमी (त्या महिन्याला १, बाकीच्यांना ० असा रकाना) टाकून हे सगळं सुटत नाही. थंडीत पण गाळप नसलेल्या भागाशी तुलना करता आली तर बघा.

जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आकडा अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडे मिळतो, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनही चाळा. मात्र जिल्हा उत्पन्नात बऱ्याच ठिकाणी राज्याचा आकडा वाटून दिलेला असतो, त्यावर फार नाजूक गणित उभं करू नका.

विजेसाठी माझं मत विचाराल तर पाच-पंचवीस यंत्रमागवाल्यांची बिलं गोळा करा. मागच्या काही महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. पण गेल्या गेल्या 'उलाढाल किती' विचारलं की समोरचा तोंड मिटतो, इन्कम टॅक्सवाला आलाय असंच वाटतं त्याला. 'अण्णा, माग किती एचपीचे, शिफ्ट किती चालतात' इथून सुरुवात करा, बिलाचा विषय चहानंतर. आणि यंत्रमागाला वीजदरात सवलत असते हे लिहायला विसरू नका, नाहीतर दराचा परिणाम चुकीचा निघेल.

देशाच्या डेटावर रिग्रेशन करणारच असाल तर आधी युनिट रूट टेस्ट, म्हणजे सिरीज एका पातळीभोवती फिरते की नुसती भरकटत जाते याची तपासणी. दोन्ही सिरीज नुसत्या वर चढणाऱ्या असल्या की काहीही कशाशीही जुळतं, ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच हे दाखवून दिलंय. एआरडीएल (मागच्या वर्षांचे आकडेही धरणारं रिग्रेशन) वापरता येतं, फक्त कुठलीही सिरीज आय टू, म्हणजे दोनदा फरक काढल्यावरच स्थिर होणारी, निघाली तर नाही. ग्रेटल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ग्रेंजर कॉजॅलिटी आली म्हणजे 'कारण' सापडलं असंही नाही, एकाचा भूतकाळ दुसऱ्याचा अंदाज द्यायला कामी येतो, बस एवढंच.

टर्निंग पॉइंटचं, म्हणजे ज्या उत्पन्नाला कर्व्ह खाली वळतो त्याचं, तर नावच काढू नका म्हणावं इतका तो नाजूक असतो. समजा प्रदूषणाच्या रिग्रेशनमध्ये लॉग उत्पन्नाचा कोइफिशंट (गुणक) ४ आणि त्याच्या वर्गाचा उणे ०.२ आला. पहिल्याला दुसऱ्याच्या दुपटीनं भागा, चिन्ह बदला, १० आले, अँटिलॉग घेतला की सुमारे २२ हजार. आता उणे ०.२ च्या जागी उणे ०.१९ करा, बाकी सगळं तेच. उत्तर ३७ हजारांच्या वर! कोइफिशंट नुसता ०.०१ नं हलला आणि टर्निंग पॉइंट दीडपटीच्या पुढे गेला. म्हणून एकच आकडा ठोकून देऊ नका, रेंज द्या.

आणि समजा सोलापूरचा कर्व्ह कुठं खाली उतरलेला दिसलाच, तर 'लोक श्रीमंत झाले म्हणून हवा सुधारली' असं लगेच लिहू नका. १८७७ ची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, या गिरण्या एकेक करत बंद पडल्या. चिमणी थंड झाली की धूर कमी होणारच, पण हजारो कामगारांच्या घरात पगार येणंही थांबलं, त्याला प्रगती कसं म्हणणार? ग्रॉसमन-क्रूगर यांनीच तीन परिणाम वेगळे केलेत, उत्पादन किती वाढलं, कुठल्या प्रकारचं झालं, आणि तंत्र किती सुधारलं. गिरणी जाऊन तिथं दुकानं-फ्लॅट आले तर तो दुसरा प्रकार, तिसरा नाही. डाईंगवाल्यानं जुना बॉयलर काढून कमी जळण लागणारा बसवला तर तो तिसरा. फील्डवर गेलात की बॉयलर कधी बदलला आणि का बदलला, मंडळाची नोटीस आली म्हणून की जळण महागलं म्हणून, हा प्रश्न प्रत्येकाला विचारा आणि उत्तरं वेगळ्या रकान्यात भरा. व्हायवाला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, बहुतेक तिथंच बोट ठेवतो.