या चुका टाळा : एअर रायफल, खोबरेल आणि गोव्याचा पावसाळा

जुलैतली गोष्ट. भाचा फोंड्याला आमच्याकडे आला तो स्प्रिंगची एअर रायफल घेऊनच. "मामा, हिचा आवाज आता ऐकाच!" मागच्या मातीच्या दरडीला पुठ्ठा लावून त्याने छर्रा सोडला. फटाका फुटावा तसा आवाज, नळीच्या तोंडातून निळसर धूर, आणि तळणीचा वास. पोरगा खूश. मी मात्र आधी रायफल हातातून घेतली.

गंजू नये म्हणून त्याने आजीच्या बाटलीतलं खोबरेल नळीत आणि हवेच्या छिद्रात सोडलं होतं. आपल्याकडे करवंट्यांपासून केसांपर्यंत सगळ्यालाच खोबरेल, तेव्हा त्याला तरी काय दोष द्यायचा! पण या रायफलीत दारू नसते. स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. तिथे तेल असलं की ते डिझेल इंजिनात पेटतं तसंच पेटतं. छर्रा जोरात सुटतो हे खरं, पण तेल दर वेळी कमी-जास्त जळतं, म्हणून वेगही दर वेळी वेगळा आणि पुठ्ठ्यावर भोकं इकडेतिकडे. शिवाय पिस्टनचं सील जळतं, स्प्रिंगवर नको तो ताण येतो. नव्या रायफलीतून सुरुवातीला थोडा धूर निघतो, तो कारखान्यातल्या तेलाचा. वापरता वापरता थांबतो. महिन्यांनंतरही निघत असेल, तर आतलं तेल जास्त झालंय. दुरुस्तीवाल्याकडून उघडून पुसून घ्या. दाबलेल्या हवेच्या पीसीपी रायफलीत, जिथे टाकीत २०० बारच्या घरात दाब असतो, घरगुती तेल कुठेही घालू नका. तिथे हा खेळ जिवावर बेतू शकतो.

नळी सारखी घासणं ही दुसरी चूक. शिशाचा छर्रा नळीच्या आतल्या चऱ्यांवर (छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या खाचांवर) पातळ थर सोडतो आणि रायफल त्या थरावरच नीट जुळते. पितळी ब्रश फिरवून नळी चकाचक केली, की पुढचे काही छर्रे भरकटतात आणि माणूस नेम धरायची साइट फिरवत बसतो. नेम खरोखर बिघडला तरच पुसा. मऊ दोरीला कोरडी चिंधी बांधून मागून पुढे ओढा. नळीच्या तोंडाची कड घासली गेली, तर ती परत येत नाही.

छर्ऱ्यांच्या बाबतीत लोक डब्यावरचं "४.५ मिमी" वाचून थांबतात. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापंही असतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. तिन्ही मापांचे पाच-पाच छर्रे १० मीटरवरून रायफल पिशवीवर टेकवून सोडा. ज्याची भोकं सर्वांत जवळ पडतील तो तुमचा छर्रा. स्पर्धेच्या पुठ्ठ्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा हा फरक क्षुल्लक नाही.

आता पाऊस. रायफल फोमच्या बॅगेत बंद करून चार महिने ठेवू नका. फोम दमटपणा धरून ठेवतो, आणि मांडवीकाठच्या घरांत तर खारी हवाही असते. बाहेरून रायफलीच्या तेलाचा हलका हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. तांदळाची पुरचुंडी चालते असं म्हणतात. आमच्याकडे त्यात फक्त टोके झाले.

आणि छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी दिसली, तर तो डबा बाजूला ठेवा. ती शिशाचीच असते. ती हातांनी झटकायची नाही, तोंडाने फुंकायची तर मुळीच नाही. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच चहा-पाव. भाच्याने ते चौथ्यांदा सांगितल्यावर ऐकलं. खोबरेलाची बाटली मात्र आजीने त्याच दिवशी उचलून देवघरात नेली.