मॉडेल जुळतं, पण आकडे दरवेळी वेगळे? या चुका टाळा

तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची एक खोली घ्या. साधं मॉडेल असं:

ध × (तापमान बदलायचा वेग) = ग × (बाहेरचं − आतलं तापमान) − श × स

ध म्हणजे खोली आणि माल मिळून उष्णता धरून ठेवायची क्षमता, ग भिंतींतून होणारी गळती, श यंत्राची थंड करायची ताकद. कॉम्प्रेसर चालू असेल तर स = १, बंद असेल तर ०. दोन्ही तापमानं आणि स यांची नोंद होते.

संगणकाला ध, ग, श काढायला सांगितलं की आलेख छान जुळतो, पण सुरुवातीचा अंदाज बदलला की उत्तरं बदलतात. मग सेन्सरला दोष द्यायचा आणि आणखी महिनाभर डेटा गोळा करायचा, ही सगळ्यात महागडी चूक. आधी तिन्ही आकडे दुप्पट करून बघा. समीकरणाच्या दोन्ही बाजू दुप्पट होतात, तापमान तसूभरही हलत नाही. आकडे बदलूनही मोजलेलं काहीच बदलत नाही, हीच सममिती, आणि वर्षभराच्या डेटानेही ती मोडत नाही. हाती लागतात फक्त ग/ध आणि श/ध.

ते मात्र चोख लागतात. बाहेर ३२ अंश, आत ४, कॉम्प्रेसर बंद आणि तापमान तासाला ०.७ अंश चढतंय: ग/ध = ०.७ ÷ २८ = ०.०२५. कॉम्प्रेसर चालू, आत ६, तासाला १.३ अंश उतरतंय: श/ध = १.३ + ०.०२५ × २६ = १.९५. आता श वेगळा मोजला आणि ३५ किलोवॉट आला, तर ध सुमारे १८ किलोवॉट-तास प्रति अंश आणि ग सुमारे ०.४५ किलोवॉट प्रति अंश. फक्त वीजमीटरवरचे किलोवॉट श म्हणून घालू नका; ती कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, खोलीतून काढलेली उष्णता नव्हे.

उलटी चूकही होते. ‘स दुप्पट, श निम्मा’ करून श/ध सुद्धा सापडत नाही असं ठरवून टाकतात. स ची तर नोंद आहे! नोंद असलेल्या कशालाही धक्का न लावता जो बदल जमतो, तोच इथे सममिती म्हणून धरायचा.

गुणाकारावरच नजर ठेवली की बेरजेची सममिती निसटते. दिवे-पंख्यांची स्थिर उष्णता क मॉडेलमध्ये घातली आणि बाहेरचं तापमान न मोजता स्थिर अज्ञात धरलं, तर ते १ अंशाने वाढवा आणि क मधून ग वजा करा: उत्तर तेच. बाहेर सावलीत एक सेन्सर लावला की काम झालं.

काही मॉडेलांत वेळेनुसार बदलणारी एखादी राशी (अवस्था) मोजलेलीच नसते. तिची सुरुवातीची किंमत माहीत असली की तिला गुणणारी सममिती मोडते, पण ती किंमत शून्य असेल तर नाही. शून्याला कितीनेही गुणा, शून्यच.

मॉडेलच्या रचनेवरूनच आकडे एकमेव ठरतात का, हे तपासणारी संरचनात्मक आयडेंटिफायेबिलिटी बेलमन आणि आस्ट्रम या संशोधकांनी १९७० मध्ये मांडली; ती निर्दोष डेटा गृहीत धरते. प्रत्यक्षात कॉम्प्रेसर अखंड चालू आणि तापमान स्थिर असेल, तर त्यातून श/ग एवढंच निघतं. म्हणून चाचणीत काही तास कॉम्प्रेसर बंद ठेवा, दारही बंद. आवकेच्या दिवसांतला डेटा यात मिसळू नका: नवा माल आत आला की ध च बदलतो.