ऑफिसची वर्षअखेरची पार्टी: रिसॉर्टला अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी पॉलिसी वाचा

डिसेंबर आला की लोणावळा, कर्जत, अलिबागकडचे रिसॉर्ट बघणं सुरू होतं, मेनू आणि डीजेवर आठवडाभर मेल फिरतात, इन्शुरन्सचं मात्र कोणी नावही काढत नाही. मी पुण्याजवळच्या एका कंपनीत अ‍ॅडमिन बघतो, बरीच वर्षं ह्या पार्ट्या माझ्याकडेच आहेत, म्हणून कळकळीने सांगतोय, आधी कंपनीची ग्रुप पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांचा एकत्र अपघात विमा, उघडा आणि काय-काय कव्हर नाही ते पान वाचा. कव्हर चोवीस तासांचं आहे की फक्त ड्युटीवर असतानाचं, ते बघा. मग दारूच्या नशेत झालेला अपघात वगळलाय का बघा, बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतोच, म्हणजे पार्टीत ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचेच पैसे मिळणार नाहीत. झिपलाइन, राफ्टिंग ठेवणार असाल तर तेही तपासा. आणि विम्याच्या ब्रोकरला नुसता फोन करू नका, तारीख, जागा, माणसं किती, दारू आहे का हे सगळं मेलवर लिहून विचारा, उत्तरही मेलवरच घ्या.

"यायची सक्ती नव्हती, ऑफिसबाहेर होती, मग जबाबदारी आपली कशी?" असं मालक म्हणतात. पण भरपाईच्या कायद्याची कसोटी आहे अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला का, आणि कंपनीनेच बोलावलं, खर्च केला, बस दिली तर पार्टी कामाचाच भाग होती असं म्हणायला वकिलाला भरपूर जागा मिळते. 2013 च्या पॉश कायद्यात, म्हणजे कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात तर कामानिमित्त गेलेली जागा आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच धरलीय. त्यामुळे अशा तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीतलं एक तरी माणूस तिथे शेवटपर्यंत आणि शुद्धीत पाहिजे.

आता गाड्या, माझ्या मते खरा धोका इथेच आहे. स्वतःच्या बाइकवर, कारने येऊ देऊच नका, जाता-येता बस ठेवा, पार्टी संपल्यावर घाटातून गाडी हाणत जाणारी पोरं बघून पोटात गोळा येतो. रक्तात 100 मिलिलीटरला 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो तो वेगळाच. एका वर्षी ट्रॅव्हल्सवाल्याने आयत्या वेळी पांढऱ्या पाटीची गाडी पाठवली होती, मी परत पाठवली, दीड तास सगळे खोळंबले, बोलणी खाल्ली, पण खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी भांडते. पिवळी पाटी, परमिट, फिटनेस, इन्शुरन्स, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याचे फोटो आदल्या दिवशीच मागवून ठेवा.

दारू असेल तर रिसॉर्टचं बार लायसन्स बघा. फार्महाऊसवर स्वतः नेणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं एक दिवसाचं लायसन्स काढा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि हार्ड ड्रिंकला 25 वर्षं पूर्ण लागतात, आणि आपले अप्रेंटिस कित्येकदा एकोणीस-वीसचे असतात, त्यांचे रिस्टबँड वेगळ्या रंगाचे ठेवा. बार उघडला की पूल बंद, इथे कोणाचंही ऐकू नका.

रिसॉर्टकडून पब्लिक लायबिलिटी पॉलिसीची (पाहुण्यांना इजा झाली तर भरपाई देणारा विमा) आणि फायर एनओसीची (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) कॉपी घ्या, करार नीट वाचा, "कोणत्याही इजेला पाहुणे जबाबदार" असं असलं तर खोडायला लावा. 29 डिसेंबर 2017 ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या पबच्या आगीत 14 माणसं गेली, बरीचशी वॉशरूममध्ये गुदमरून. तेव्हापासून हॉल बघायला गेलो की मी दोन्ही बाहेरच्या दारांपर्यंत स्वतः चालत जातो, कुलूप किंवा खुर्च्यांची थप्पी दिसली तर ती जागा कॅन्सल.

एवढं करूनही काही झालंच तर आधी हॉस्पिटल, तिथे मेडिको-लीगल (पोलीस तपासासाठी लागणारी) नोंद करायला सांगा, पोलिसांना कळवा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी मेल टाका. पॉलिसी नंबर आणि क्लेमचा फोन नंबर पार्टीला जाणाऱ्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये सेव्ह पाहिजे, ऑफिसच्या कपाटातली फाइल रात्री दोनला कोण उघडणार.