कोल्हापुरातून पवित्र भूमीच्या यात्रेला जायचंय? गटात नाव देण्याआधी हे वाचा

यरुशलेम बघायचं मनात असलेली माणसं आपल्याकडं लई आहेत, रिटायर झालो की जाऊ, पोरांची लग्नं उरकली की जाऊ असं म्हणत वर्षं जातात, आणि मग एखाद्या रविवारी उपासना सुटल्यावर कुणीतरी पत्रक वाटतंय, दहा दिवस, तीन देश, अमुक अमुक दर, आणि मंडळी दर बघून नाव देऊन मोकळी. माझं सांगणं एवढंच की दर शेवटी बघा. आधी दोनच गोष्टी विचारा: सोबत पाळक कोण येणार, आणि कुठल्या जागी किती वेळ थांबणार.

वेळेचं आधी सांगतो. बऱ्याच गटांचा मार्ग ठरलेला असतोय, विमानानं जॉर्डनमधलं अम्मान, तिथं मोशेनं जिथनं वचनदत्त देश बघितला तो नबो डोंगर, मग यार्देन ओलांडून नासरेथ, काना, गालील समुद्र, कफर्णहूम, यरीहो, बेथलेहेम, यरुशलेम, आणि शेवटी ताबाच्या सीमेवरनं इजिप्तमध्ये सीनाय आणि कैरो. पत्रकावर ठिकाणांची यादी लांबलचक दिसते पण त्यातली किती ठिकाणं बसच्या खिडकीतनं दाखवणार आणि कुठं खरंच उतरवणार हे कुणी विचारतच नाही. प्रत्येक नावापुढं ‘उतरणार’ की ‘बसमधून’ असं लिहून मागा. बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये खाली गुहेत जायची रांग कधीकधी तास-दीड तास चालते, आणि तिथं अर्धाच तास ठेवलाय असं दिसलं तर गट गुहेत न जाताच परत फिरणार हे समजून घ्या. आणि तेवढ्या लांब जाऊन ते चुकलं तर आयुष्यभर रुखरुख राहते हो.

वारही बघा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासनं शनिवारी संध्याकाळपर्यंत शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा दिवस, यहुदी वस्तीतली दुकानं बंद, यरुशलेमात ते जिथं प्रार्थना करतात त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी फोटो काढायला मनाई. यरुशलेमातच बागेतली कबर आहे, प्रभूची कबर हीच असं काहीजण मानतात, ती रविवारी पर्यटकांना बंद असते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तीच जागा जास्त भावते कारण तिथं शांत बसता येतं आणि आधी कळवलं तर गटाला प्रभुभोजनही घेता येतं, तर पवित्र कबरेच्या चर्चमध्ये गर्दी दाटलेली असते. पण ते चर्चही सोडू नका, चौथ्या शतकापासनं लोक गुलगुथा, म्हणजे प्रभूला वधस्तंभावर खिळलं ती जागा, आणि कबर तिथंच मानत आलेत, आणि त्याच्या दाराची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडं आहे.

आता पाळकाचं. तिथला गाईड इतिहास चांगला सांगतोय पण प्रार्थना तो घेणार नाही, ते काम आपल्या माणसाचं. जाण्याआधी महिना-दोन महिने गटानं आठवड्यातनं एकदा बसावं आणि कुठल्या जागी कुठला शास्त्रभाग वाचायचा, कोण वाचणार, कुठलं गीत म्हणायचं हे ठरवावं. प्रभूनं ‘धन्य ते’ हा उपदेश दिला त्या डोंगरावर मत्तय ५, गालील समुद्राकाठच्या तबघाला किनाऱ्यावर योहान २१, जैतुनांच्या डोंगरावरनं शहर दिसतं तिथं लूक १९, जिथं प्रभू शहर बघून रडला. स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही आरोहण स्तोत्रं तर यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचीच, ती रोज एक घरी वाचत चला. वाचून गेलेल्या माणसाला तिथला दगड न दगड ओळखीचा वाटतो. न वाचता गेलेला माणूस नुसते फोटो काढून परत येतो आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देनेत पाण्यात उतरायचं असेल तर आपल्या पाळकांशी आधीच बोला, लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी तिथं परत घ्यायचा का यावर मंडळ्यांची मतं वेगळी आहेत, बरेच पाळक फक्त बाप्तिस्म्याच्या वचनांची पुन्हा आठवण करून देतात. नदीच्या काठावर वाद नको, घरीच मिटवा.

कागदपत्रं: पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा हवा. नसला तर लगेच अर्ज टाका, कोल्हापुरात पोस्टाच्या पासपोर्ट केंद्रात काम होतं. बायकांचं लग्नाआधीचं-नंतरचं नाव, आधारवरचं स्पेलिंग सगळं जुळतंय का बघा, व्हिसाला तिथंच अडतं. इस्राएल पासपोर्टवर शिक्का मारत नाही, छोटी चिठ्ठी देतात, ती बाहेर पडेपर्यंत जपा.

पैसे कंपनीच्या खात्यावरच भरा, कुणा व्यक्तीच्या नाही, आणि पावती घ्या. परदेशी सहलीच्या पैशावर कंपनी टीसीएस नावाचा कर आधीच कापते, तो इन्कम टॅक्सचा रिटर्न भरताना वळता करून घेता येतो म्हणून पॅन नंबर बरोबर द्या. ठरावीक माणसं जमवली की पुढाऱ्याची जागा फुकट अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात गैर काही नाही पण ते सगळ्यांसमोर सांगितलेलं असावं. गाईड आणि ड्रायव्हरची टीप वेगळी डॉलरमध्ये लागते का तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑक्टोबर २०२३ ला युद्ध सुरू झाल्यावर कितीतरी यात्रा रद्द झाल्या, तेव्हा तशी वेळ आली तर किती पैसे परत आणि किती दिवसात हे लेखी घ्या, विम्यात युद्ध धरलंय का वाचा, आणि परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता भरू नका.

म्हाताऱ्या माणसांना नेणार असाल तर दोन महिने आधी रंकाळ्याला रोज चालायला लावा, जुन्या यरुशलेमात दगडी पायऱ्या आणि चढउतार आहेत. सीनाय डोंगर २२८५ मीटर, मध्यरात्री चढायला लागतात, शेवटच्या साडेसातशे पायऱ्यांना उंटही जात नाही, गुडघे दुखत असतील तर खाली सेंट कॅथरिनच्या मठापाशीच थांबावं, त्यात कमीपणा नाही. गोळ्या पाकिटासकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकणारे कपडे. मृत समुद्रात उतरायच्या आदल्या दिवशी दाढी करू नका, भयंकर चुणचुणतं. डिसेंबर-जानेवारीत यरुशलेमात थंडी-पाऊस, उन्हाळ्यात यरीहो भाजून काढतंय, म्हणून मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा गट बघा.

आणि विमान मुंबईहून असेल तर त्याच दिवशी सकाळी पोचायच्या हिशोबानं निघू नका, आदल्या रात्रीच्याही आधीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडा, एक दिवस मुंबईत कुणा नातेवाइकाकडं काढा. घाटात गाडी अडकली तर गट तुमच्यासाठी थांबत नाही, आणि व्हिसा गटाचा असेल तर मागनं एकट्यानं जाताही येत नाही.