डिमेन्शियावाला हॉरर लावायच्या आधी ग्रुपवर नेमकं काय टाकायचं

आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला महिन्यातनं एका शनिवारी पिक्चर असतो, म्हणजे काय तर हॉलची पांढरी भिंत, सेकंडहँड प्रोजेक्टर, खाली गाद्या, आठ-दहा जण आणि शेवटी पावभाजी. हॉरर असला की मी ग्रुपवर टाकायचो "कमजोर दिलवाल्यांनी घरीच थांबा" आणि पुढे तीन कवट्या, झाली वॉर्निंग. मग एकदा 'द टेकिंग ऑफ डेबरा लोगन' लावला, अॅडम रॉबिटेलचा, 2014 चा. अर्ध्या तासातच एक मैत्रीण उठून किचनमध्ये गेली ती परत आलीच नाही. मला वाटलं कांदा चिरतेय. चिरतच होती, पण घरात होता नव्हता तेवढा सगळा चिरून झाला होता आणि तरी सुरी हातात. तिच्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, आणि हे मला माहीत होतं. माहीत असून मी कवट्या टाकल्या होत्या.

तर आता मी कसं करतो ते सांगतो, तुम्हाला पटेल तेवढं घ्या.

सर्टिफिकेटवर विसंबू नका. 2024 च्या नियमांनी थेटरवाल्या यूएचे 7+, 13+, 16+ असे भाग केले, ओटीटीवर 2021 पासनं वयाचं रेटिंग आणि सोबत हिंसा, शिव्या वगैरे बारीक अक्षरात येतं, ठीक आहे, पण तो सगळा पोरांना काय दाखवायचं याचा हिशोब. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला तिची आजची सकाळच परत भिंतीवर बघायला लागणार, हे त्यात कुठल्याच खान्यात बसत नाही.

म्हणून आधी एकट्याने बघा, वही घेऊन. आणि पहिल्यांदा भुताचे नाही, आजाराचे सीन लिहा. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि माझं नेमकं तिथेच चुकलं होतं, मी साप आणि रक्त मोजत बसलेलो. नंतर मैत्रिणीने सांगितलं की साप-बिप काही नाही रे, आमच्याकडे कपाटाच्या चाव्या तांदळाच्या डब्यात निघतात आणि त्या मीच चोरल्या असं आल्या-गेल्याला सांगून झालेलं असतं, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला सासूबाई पिशवी भरून दाराशी उभ्या राहतात, "मला घरी सोड, आई वाट बघत असेल." या संध्याकाळच्या बेचैनीला डॉक्टर सनडाउनिंग म्हणतात. पिक्चरवाले हेच घेतात आणि खाली म्युझिक टाकतात. तेव्हा वहीत हे बघा: चोरीचा आळ, घरच्या माणसाला न ओळखणं, रात्री उठून फिरणं, अंघोळ-कपड्यात अब्रू जाणं, अंगावर धावून येणं, स्वतःला इजा. आणि सांभाळणाऱ्याचं वैतागणं, ते तर आधी लिहा, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच रडतात.

लिहिताना "काही संवेदनशील दृश्ये आहेत" असलं सरकारी काही टाकू नका, त्यातनं कोणालाच काही कळत नाही. डेबरा लोगन परत लावायचा असता तर मी हे टाकलं असतं:

"शनिवारी अल्झायमर झालेल्या आईची गोष्ट आहे, पुढे झपाटण्याकडे जाते. मुलगी आईला सांभाळतेय, घर जाऊ नये म्हणून पैशासाठी घरात डॉक्युमेंट्रीवाले घेतलेत. सुरुवातीचा भाग खऱ्या डॉक्युमेंट्रीसारखाच वाटतो, आजारपण अगदी जवळून. आई चिडून अंगावर येते, स्वतःला इजा करते, मरण मागते. पुढे हॉस्पिटल, साप, लहान मुलींच्या खुनांचा विषय, आणि कॅन्सर असलेल्या एका मुलीला पळवून नेणं. कॅमेरा हातातला, खूप हलतो. शेवट गोड नाही. अजून काही विचारायचं असेल तर पर्सनलवर विचारा, मस्करी करणार नाही."

एवढंच. शेवटाकडचा तो जबड्याचा सीन ग्रुपवर नाही टाकायचा, जो विचारेल त्याला एकट्याला सांगायचा. तरी एखादा "स्पॉइलर दिलास" म्हणून बोंबलेलच, बोंबलू दे, ज्याला वाचायचं नाही त्याने मेसेज स्क्रोल करावा.

हलत्या कॅमेऱ्याचं वेगळं लिहा, मळमळणारे लोक मागे बसतात. कोणाला फिट येत असेल तर लुकलुकणाऱ्या लाइटचं आधी सांगा, सेकंदाला तीनपेक्षा जास्त झपके म्हणजे धोका असं साधारण धरतात.

आता झपाटण्याचा भाग, कारण आपल्याकडे तो नुसता पिक्चरपुरता नसतो. आजी विसरायला लागली, नसलेली माणसं दिसतायत म्हणाली, की कोणीतरी अंगारा लावतं, उतारा टाकतं. लेवी बॉडी नावाच्या डिमेन्शियात माणसाला खरंच नसलेली माणसं, प्राणी दिसतात, अगदी स्पष्ट. आणि असल्या पिक्चरात शेवटी निघतं काय, की नुसता आजार नव्हता, आत दुसरंच कोणी होतं! बघायला मजा येते, पण ज्याच्या घरी हे चालू आहे त्याला नाही येत. म्हणून मी एक ओळ हमखास घालतो, "पिक्चरमध्ये भूत निघतं, खऱ्यात मेंदूच्या पेशी मरत जातात." आणि भूत काढतो म्हणून पेशंटला बांधलं, मारलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, ग्रुपमध्ये एखादा मांत्रिकाचा नंबर ठेवणारा काका असतोच, त्याच्यासाठी हेही टाका.

पिक्चर चालू असताना एकच नियम, "हिला ठाण्याला भरती करा" हा जोक बंद. अख्ख्या मुंबईने तो मारून झालाय, ते मनोरुग्णांचं हॉस्पिटल 1901 पासनं इथे आहे आणि आम्ही त्याच गावात राहतो. हसणाऱ्याला काही वाटत नाही, पण शेजारच्या गादीवर कोणाची आई तिथे ओपीडीला जात असेल ते आपल्याला कुठे माहीत असतं.

बाहेर पडायची सोय ठेवा. दाराजवळची गादी मोकळी, पॅसेजचा लाइट चालू, आणि कोणी उठलं तर मागनं "काय गं, फाटली का" नको. माझ्यासारखं मागोमाग जाऊन पाच-पाच मिनिटांनी "ओके ना?" पण नको, एकदा पाणी दिलं की बस. कोणाचं खरंच बिनसलं, घरी जाऊनही सावरलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलतात.

परवा पुढच्या पिक्चरचा मेसेज टाकला, परत एका म्हातारीचाच आहे, वरच्यासारखाच सगळा लिहून. मैत्रिणीचा रिप्लाय दहा मिनिटांत आला: "पिक्चर नको. साडेनऊला पावभाजीला येते. कांदा तू चिर."