‘प्रभू, सगळं तुझं’ म्हणून झाल्यावर

श्रद्धा जागवणाऱ्या उज्जीवन सभेत डोळे मिटून ‘प्रभू, सगळं तुझं’ म्हणत समर्पण करता येतं. पण त्या ‘सगळं’मध्ये नेमकं काय, हे ठरलेलं नसतं, म्हणून आठवडाभरात आपलं सगळं आपल्यापाशीच असतं. तेव्हा आधी यादी करा. बायबलमध्ये मार्क १२:३० ला देवावर प्रीती कशाकशाने करायची, त्याची अंतःकरण, जीव, बुद्धी आणि शक्ती अशी चार नावं आहेत. त्यांचं रोजचं रूप कागदावर उतरवा: सकाळचा अर्धा तास, पगार, मोबाइल, भावाशी बंद पडलेलं बोलणं. ‘माझा अहंकार’ असलं मोघम लिहू नका, ते तपासता येत नाही.

वेळ. नाशिकच्या सातपूर-अंबड कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्याने पहाटे पाचचा नेम धरला, की रात्रपाळी लागताच तो मोडतो आणि मग लाजेने प्रार्थनाच सुटते. नेम घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा: घरी आलं, हातपाय धुतले, की बायबल, मग जेवण. एक अध्याय, दोन मिनिटं गप्प, मग प्रार्थना. पंधरा-वीस मिनिटांत होतं. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच वाचले की बरोबर ५२ आठवडे, आणि दोन दिवस राहिलेलं भरून काढायला. बायबल छापीलच घ्या. मोबाइलवर मंडळीच्याच, म्हणजे चर्चच्याच, ग्रुपचा ‘शुभ सकाळ’ आडवा येतो.

पैसा. दशमांश, म्हणजे देवासाठी काढलेला मिळकतीचा दहावा भाग, महिनाअखेरीच्या शिलकीतून काढायचा म्हटलं तर शिल्लकच नसते. पगार २४,००० असेल तर त्याच दिवशी २,४०० पाकिटात. जड जात असेल तर १,२०० पासून सुरू करा, पण दिवस बदलू नका. प्रेषित पौलानेही करिंथच्या मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशीच बाजूला काढायला सांगितलं होतं. द्राक्षबागायतदाराचं गणित वेगळं. ऑक्टोबर छाटणीपासून औषधं, मजुरी चालूच. पैसा मात्र माल निघाल्यावर एकदम. दशमांश एकूण विक्रीवर की खर्च वजा जाता, हे छाटणीआधीच वहीत लिहावं. व्यापाऱ्याचा चेक हातात आल्यावर मन स्वतःच्याच बाजूने निकाल देतं. आणि उसनवारी करून अर्पण देऊ नये.

यादीतली सगळ्यात अवघड ओळ बहुधा माणसाची असते. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे दान वेदीपाशीच ठेवून आधी समेट करायचा. मेसेज पाठवू नका, घरी जा. ‘दादा, वाटणीच्या वेळी मी बोललो ते चुकलं.’ एवढंच. पुढे ‘पण’ आला की माफी संपली आणि वकिली सुरू झाली. पैसे देणं असेल तर सोबत न्या. समोरच्याने दार लावून घेतलं तरी तुमची ओळ पूर्ण झाली, असं धरा.

इथे एक गल्लत नेहमी होते. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत नवस फेडला की हिशेब मिटतो. समर्पणात तो मिटत नाही. ते शरण जाणं आहे. (नाशिकमधल्या, मिशनने वसवलेल्या शरणपूरच्या नावातच हा शब्द आहे, रोज त्या रस्त्याने जाऊनही लक्षात येत नाही.)

महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) आदल्या रात्री, यादी काढा. मोडलेला नेम खोडू नका, लहान करा: एक अध्याय झेपत नसेल तर दहा ओव्या (वचनं). तीन महिने एकच ओळ अडून राहिली तर ती पाळकांना (पास्टरना) किंवा घरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला वाचून दाखवा.