विकिपीडियाच्या लवाद समितीची निवडणूक कशी लढवावी

इंग्रजी विकिपीडियावरचं भांडण चर्चापानावर (संपादक एकमेकांशी बोलतात त्या पानावर) मिटलं नाही आणि प्रचालकांनाही (खाती रोखण्यासारखे जादा अधिकार असलेल्या संपादकांना) आवरलं नाही, की ते लवाद समितीपुढे येतं. २००४पासून ही समिती काम करते. सध्या तिच्या १५ जागा आहेत, आणि वर्षाच्या शेवटी त्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागा संपादकच मतदानानं भरतात. लेखात काय असावं हे समिती ठरवत नाही. माणसं एकमेकांशी कशी वागली, एवढंच पाहते. म्हणून ‘चुकीचे लेख सुधारीन’ असं आश्वासन निवेदनात अजिबात नको. आपण कुठल्या पदासाठी उभे आहोत हेच कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो.

अटी थोड्याच आहेत: लेखांमध्ये किमान ५०० संपादनं, खात्यावर बंदी नसणं आणि गोपनीयतेच्या करारावर सही करायची तयारी. त्या करारासाठी वय १८ पूर्ण लागतं. नियमांवर निवडणुकीआधी नव्यानं चर्चा होते, त्यामुळे त्या वर्षीचे नियम वाचूनच पुढे जा. प्रचालक असण्याची अट नाही, पण प्रचालक नसलेल्याला निवडून येणं फार अवघड जातं.

खरी तयारी अर्ज भरण्याच्या दोन-तीन महिने आधी करायची. स्वतःचं चर्चापान आणि त्याचे जुने संग्रह पहिल्यापासून वाचून काढा. कुठे आवाज चढला, कुठला निर्णय नंतर फिरवावा लागला, ते दुव्यांसह टिपून ठेवा. मतदार हेच उकरणार आहेत. पूर्वीची किंवा दुसरी खाती असतील तर ती निवेदनात जाहीर करावी लागतात, नाहीतर अर्जाची मुदत संपण्याआधी निदान समितीला कळवावी लागतात. लपवलेलं खातं मतदान चालू असताना उघडं पडलं, तर सावरायला वेळच उरत नाही.

निवेदनाला ४०० शब्दांची मर्यादा आहे. निम्मे शब्द पुरेत. वाद सोडवण्याचा अनुभव, आठवड्याला किती तास देऊ शकता आणि कोणत्या विषयांच्या प्रकरणांतून स्वतः बाजूला राहाल, एवढं स्पष्ट लिहा. अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत रोखून धरू नका. प्रश्नांची उत्तरं द्यायला वेळ कमी पडतो.

प्रश्नोत्तरांत निवडणूक फिरते. समजा कुणी विचारलं, ‘ती चर्चा तुम्ही एका दिवसात का बंद केलीत?’ यावर ‘तेव्हाची परिस्थिती वेगळी होती’ हे उत्तर मतं घालवतं. ‘दोघांचं म्हणणं यायचं होतं, मी घाई केली. त्यानंतर अशा चर्चा सात दिवस खुल्या ठेवल्या, हे त्यांचे दुवे’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला पडताळता येतं. मात्र तसे दुवे खरोखर हवेत. चालू प्रकरणात निकाल काय द्याल, हे कितीही खोदून विचारलं तरी सांगू नका.

मतदान गुप्त असतं. समर्थन, विरोध आणि तटस्थ असे तीन पर्याय असतात. तटस्थ मतं टक्केवारीत धरत नाहीत. ६०० समर्थन, ४०० विरोध आणि ५०० तटस्थ असतील तर समर्थन ६० टक्के धरलं जातं. निवडून यायला किमान ५० टक्के लागतात. त्यामुळे आपल्याला न ओळखणाऱ्यांपेक्षा दुखावलेली माणसं जास्त महाग पडतात. मित्रांना बाहेरून निरोप धाडून मतं गोळा करू नका. ते उघडकीला आलं की तटस्थ असलेलेही विरोधात जातात.

मतदान संपलं की दुहेरी आणि अपात्र मतं तपासून काढली जातात, म्हणून निकालाला काही दिवस लागतात. तेवढ्यात खात्याचा पासवर्ड बदला आणि टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय) सुरू करा, कारण निवडून आलात तर इतरांची खाजगी माहिती दाखवणारी साधनं हाती येतात. नवी मुदत जानेवारीत सुरू होते आणि पहिल्या आठवड्यापासून ईमेलचा ढीग पडतो. बंदी उठवण्याच्या विनंत्या, छळाच्या तक्रारी, सगळं त्यातच येतं. घरची किंवा कामाची मोठी जबाबदारी त्याच महिन्यांत येणार असेल, तर या वर्षी उभे राहू नका. मध्येच सोडलेल्या सदस्याची प्रकरणं उरलेल्यांना उपसावी लागतात, आणि दाद मागणारा माणूस तोवर ताटकळत बसतो.